वेबसाइट उशिरा उघडते? गूगलच्या आधी गिऱ्हाईकच निघून जातं



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण वेबसाइटचा वेग आणि गूगल रँकिंग यावर बोललो. व्हिडिओत आकडे भरभर निघून जातात, म्हणून इथे सगळं सावकाश लिहून देतोय. वाचताना स्वतःचा मोबाइल हाताशी ठेवा, मधे मधे लागणार आहे.

आमच्या एका बॅचमध्ये एक ताई होत्या. गुहागरजवळ त्यांचा घरगुती होम-स्टे आहे. तीन खोल्या, अंगणात नारळ-पोफळी, जेवण त्या स्वतः करतात. वेबसाइट भाच्याने बनवून दिलेली. फोटो एकदम झकास, चांगल्या कॅमेऱ्याने काढून घेतलेले. पण गूगलवरून बुकिंग येईना. तेवढ्यात एका एजन्सीचा फोन आला, "३५ हजार भरा, गूगलच्या पहिल्या पानावर आणतो, शंभर टक्के गॅरंटी." ताईंनी वर्गात विचारलं, "सर, भरू का हे पैसे?"

मी लगेच उत्तर दिलं नाही. वर्गातल्या सगळ्यांना म्हटलं, वाय-फाय बंद करा, मोबाइल डेटावर ताईंची साइट उघडा. मी मोठ्याने आकडे मोजतो. एक, दोन, तीन... दहापर्यंत स्क्रीन पांढरीच. पहिला फोटो पूर्ण दिसेपर्यंत मी एकोणीसवर पोचलो होतो. मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "ताई, मी तर कधीच दुसऱ्या होम-स्टेची साइट उघडली." वर्ग हसला. ताई हसल्या नाहीत.

पैसे भरायचे की नाही, याचं उत्तर त्या एकोणीस आकड्यांत आहे. कसं ते बघूया.

गूगलला आपल्या वेगाशी काय देणंघेणं?

गूगलचा धंदा कशावर चालतो? माणसाने काहीतरी शोधलं आणि त्याचं समाधान झालं, तर तो पुन्हा गूगलवरच येतो. गूगलने दाखवलेली साइट उघडतच नसेल, तर वैतागलेला माणूस आपल्याबरोबर गूगललाही नावं ठेवतो. म्हणून गूगलने हा विषय टप्प्याटप्प्याने मनावर घेतला.

- २०१० मध्ये गूगलने जाहीर केलं की साइटचा वेग हा रँकिंग ठरवताना बघितला जाणारा एक घटक असेल. तेव्हा हिशेब कॉम्प्युटरवरच्या सर्चचा होता.
- एप्रिल २०१५ मध्ये मोबाइलवरच्या सर्चमध्ये, मोबाइलवर नीट वापरता येणाऱ्या पानांना झुकतं माप मिळू लागलं.
- जुलै २०१८ पासून मोबाइल सर्चसाठीही वेग मोजला जाऊ लागला. पण त्याचा फटका फक्त अगदीच संथ पानांना होता.
- २०२१ मध्ये 'कोअर वेब व्हायटल्स' नावाची तीन मापं रँकिंगमध्ये आली. डॉक्टर जसे नाडी, ताप, रक्तदाब बघतात, तशी ही वेबसाइटची तब्येत बघण्याची मापं.
- मार्च २०२४ मध्ये या तिन्हीपैकी एक माप बदललं. ते पुढे सांगतो.

ही तीन मापं म्हणजे काय?

नावं अवघड आहेत, घाबरू नका. दुकानाच्या भाषेत समजून घेऊ.

पहिलं, एलसीपी, म्हणजे लार्जेस्ट कंटेंटफुल पेंट. स्क्रीनवर दिसणारी सगळ्यात मोठी गोष्ट, बहुतेक वेळा वरचा मोठा फोटो किंवा मोठं शीर्षक, दिसायला किती वेळ लागला? दुकानाचं शटर वर जायला किती वेळ लागला, असं समजा. अडीच सेकंदांच्या आत असेल तर चांगलं. चार सेकंदांच्या वर गेलं तर वाईट.

दुसरं, आयएनपी, म्हणजे इंटरॅक्शन टू नेक्स्ट पेंट. मार्च २०२४ मध्ये आलेलं ते हेच. गिऱ्हाईकाने बटण दाबलं, तर स्क्रीनवर काहीतरी हालचाल दिसायला किती वेळ लागला? गिऱ्हाईक "भाऊ, हे दाखवा" म्हणतंय आणि दुकानदार मोबाइलमध्ये डोकं घालून बसलाय, असं होतं का? २०० मिलीसेकंद, म्हणजे सेकंदाच्या पाचव्या भागात प्रतिसाद मिळाला तर चांगलं. अर्ध्या सेकंदाच्या वर गेला तर वाईट.

तिसरं, सीएलएस, म्हणजे क्युम्युलेटिव्ह लेआउट शिफ्ट. पान उघडताना आतल्या गोष्टी जागेवरून हलतात का? तुम्ही 'फोन करा' दाबायला जाता, तेवढ्यात वरून जाहिरात टपकते, सगळं खाली सरकतं आणि बोट भलतीकडेच पडतं. हा अनुभव सगळ्यांना आहे. याला सेकंद नसतात, एक आकडा असतो. तो ०.१ किंवा त्याहून कमी हवा. ०.२५ च्या वर वाईट.

"सर, माझ्या मोबाइलवर तर पटकन उघडते!"

हे वाक्य मी प्रत्येक बॅचमध्ये ऐकतो. तुमच्या मोबाइलवर पटकन उघडणारच. तुम्ही ती साइट दिवसातून दहा वेळा उघडता, त्यामुळे फोटो तुमच्या फोनमध्ये आधीच साठवलेले असतात. शिवाय घरी वाय-फाय असतं. तुमचं गिऱ्हाईक एसटीत बसलंय, रेंज येतेय-जातेय, फोन तीन वर्षं जुना, आणि साइट पहिल्यांदाच उघडतंय.

गूगल या गिऱ्हाईकाचा अनुभव मोजतं. क्रोम ब्राउझर वापरणाऱ्या खऱ्या लोकांकडून ही माहिती गोळा होते आणि मागच्या २८ दिवसांची धरली जाते. नियम असा की चारपैकी तीन भेटींमध्ये अनुभव चांगला असला पाहिजे. याचा एक अर्थ लक्षात ठेवा. आज साइट सुधारली, तर उद्या सकाळी आकडे बदललेले दिसणार नाहीत. महिनाभर धीर धरा.

स्वतःची साइट तपासायला गूगलचं 'पेजस्पीड इनसाइट्स' हे साधन फुकट आहे. साइटचा पत्ता टाका आणि मोबाइलचा निकाल बघा. वरच्या भागात खऱ्या लोकांचा अनुभव दिसतो. आपल्यासारख्या छोट्या साइटला तिथे बहुतेक वेळा 'पुरेशी माहिती नाही' असंच येईल, कारण येणारे लोक कमी. घाबरायचं कारण नाही. मग खालचा भाग बघायचा. तिथे साधारण दर्जाचा फोन आणि संथ नेटवर्क धरून चाचणी घेतलेली असते आणि कुठे काय अडलंय त्याची यादी मिळते. ती यादी कामाची आहे.

आता सगळ्यात मोठा गैरसमज

याच साधनात शंभरपैकी गुण दिसतात. एजन्सीवाले हेच गुण दाखवून घाबरवतात. "तुमचे ३८ आले, आम्ही १०० करून देतो, मग साइट वर येईल."

नीट ऐका. ते शंभरपैकी गुण रँकिंगसाठी वापरले जात नाहीत. १०० गुण मिळाले म्हणून कोणी पहिल्या नंबरला जात नाही. गूगलनेच सांगितलंय की शोधणाऱ्याला हवी ती माहिती कुठल्या पानावर आहे, हे ते आधी बघतात. एखादं पान संथ असूनही त्यावरचीच माहिती सगळ्यात उपयोगी असेल, तर ते वर दिसू शकतं. पण एकाच गोष्टीबद्दल चांगली माहिती देणारी खूप पानं असतील, तेव्हा चांगल्या अनुभवाचा फायदा मिळतो.

दहावीच्या निकालाचं उदाहरण घ्या. मुख्य मार्क अभ्यासाचे. नीटनेटकं अक्षर मदत करतं, पण कोऱ्या पेपरला अक्षरावर मार्क मिळत नाहीत. तुमच्या साइटवर 'वेलकम टू अवर वेबसाइट' आणि चार फोटो एवढंच असेल, तर ती कितीही वेगात उघडो, गूगलने ती कशासाठी दाखवायची?

आणि गॅरंटीचं म्हणाल तर, गूगलवर पहिला नंबर मिळवून देण्याची गॅरंटी कोणीही देऊ शकत नाही, हे गूगलने स्वतःच लिहून ठेवलंय. कोणी लेखी गॅरंटी देत असेल, तर तिथेच सावध व्हा.

मग वेगाचा एवढा आग्रह कशाला?

कारण रँकिंग ही फक्त दारापर्यंतची गोष्ट आहे. दारातून गिऱ्हाईक आत येतं की परत फिरतं, हे वेगावर ठरतं. गूगलने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असं दिसलं होतं की मोबाइलवर पान उघडायला तीन सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला, तर ५३ टक्के भेटी तिथेच सोडून दिल्या जातात. म्हणजे शंभर लोकांना तुमच्या दारापर्यंत आणलं, आणि निम्म्याहून जास्त शटरवरूनच परत गेले.

आपल्याकडचं उदाहरण बघा. बसचं तिकीट काढायची रेडबस सगळ्यांना माहीत आहे. त्यांनी साइटवर बटण दाबल्यावर मिळणारा प्रतिसाद, म्हणजे आपण वर बघितलेलं आयएनपी, सुधारलं. विक्री ७ टक्क्यांनी वाढल्याचं त्यांच्या अनुभवकथनात नोंदवलंय. सांगायचा मुद्दा, वेगाचा हिशेब रँकिंगच्या आधी गल्ल्यात दिसतो.

वजन कुठे असतं? चार जागा तपासा

*१. फोटो.* छोट्या उद्योजकाच्या साइटवर दहापैकी आठ वेळा मला दुखणं इथेच सापडतं. ताईंच्या पहिल्या पानावर १२ फोटो होते, प्रत्येक साधारण ४ एमबीचा. एकूण ४८ एमबी. आता गणित करा. मोबाइलला १० एमबीपीएस वेग मिळतोय असं धरू. यातला 'बी' म्हणजे बिट, आणि ८ बिट मिळून एक बाइट. म्हणजे एका सेकंदाला सव्वा एमबीच येणार. ४८ एमबी यायला जवळपास ३८ सेकंद!

तेच फोटो स्क्रीनला लागतात तेवढ्या आकाराचे केले, वेबपी प्रकारात साठवले, की एकेक दीडशे केबीपर्यंत आणता येतो. १२ फोटो मिळून १.८ एमबी. ३८ सेकंदांचं काम दीड सेकंदात. डोळ्यांना फरक जाणवत नाही. गूगलचं 'स्क्वूश' हे फुकट साधन ब्राउझरमध्येच चालतं, त्यात हे काम होतं. वर्डप्रेसमध्ये वेबपी फोटो २०२१ पासून थेट टाकता येतात.

अजून एक, खालचे फोटो गिऱ्हाईक खाली सरकेल तेव्हाच उतरावेत अशी सोय असते, तिला 'लेझी लोडिंग' म्हणतात. ती चालू ठेवा. पण सगळ्यात वरच्या मोठ्या फोटोला ती लावू नका. तो तर पहिल्यांदा दिसला पाहिजे. आणि प्रत्येक फोटोची लांबी-रुंदी आधी सांगितलेली असली, की ब्राउझर जागा राखून ठेवतो, पान उड्या मारत नाही. ते तिसरं माप इथेच सुधारतं.

*२. होस्टिंग.* वर्षाला अगदी थोडक्या पैशात मिळणाऱ्या होस्टिंगवर एकाच सर्व्हरवर असंख्य साइट कोंबलेल्या असतात. चाळीतल्या सामायिक नळासारखं. सगळ्यांनी एकदम तोटी सोडली की धार बारीक. शिवाय सर्व्हर कुठे आहे ते विचारा. गिऱ्हाईक पुण्या-मुंबईचं आणि सर्व्हर अमेरिकेत असेल, तर प्रत्येक मागणीला सातासमुद्रापार जाऊन यावं लागतं. भारतातला सर्व्हर मागा, किंवा सीडीएन वापरा. सीडीएन म्हणजे तुमच्या फोटोंच्या प्रती गिऱ्हाईकाच्या जवळच्या सर्व्हरवर ठेवणारी सेवा. क्लाउडफ्लेअरसारख्या सेवांचा फुकट प्लॅनही आहे.

*३. प्लगइन आणि सजावट.* आपोआप फिरणारा स्लायडर, पडणारा बर्फ, तीन वेगवेगळे चॅटचे गोळे, इन्स्टाग्रामची पट्टी. प्रत्येक गोष्ट आपापला कोड घेऊन येते आणि फोनला काम लावते. त्यात बटण दाबलं तर फोन म्हणतो, थांब जरा. दुसरं माप इथेच बिघडतं. प्रत्येक प्लगइनला एकच प्रश्न विचारा, यामुळे मला एकतरी ऑर्डर आली का? नसेल आली, तर काढून टाका. काढण्याआधी साइटचा बॅकअप मात्र घ्या.

*४. मराठी फॉन्ट.* हे मराठी साइटवाल्यांसाठी खास. देवनागरीत जोडाक्षरं खूप, म्हणून फॉन्टची फाइल इंग्रजीपेक्षा जड असते. त्यात लोक एकाच साइटवर चार फॉन्ट वापरतात. एक फॉन्ट घ्या, मुंबईच्या एक टाइपने बनवलेला 'मुक्त' मोफत आहे, आणि त्यातली साधी व ठळक अशी दोनच वजनं घ्या. फॉन्ट उतरेपर्यंत मजकूर फोनमधल्या फॉन्टमध्ये दिसत राहील, अशी सेटिंग करून घ्या. गिऱ्हाईकाला अक्षराच्या वळणाशी मतलब नसतो, भाव वाचायचा असतो.

साइट उघडली, पण वापरता येते का?

वेग झाला, आता वापर. ताईंची साइट एकदाची उघडल्यावर मी वर्गाला दुसरं काम दिलं, "खोलीचं भाडं आणि फोन नंबर शोधा." भाडं कुठेच नव्हतं. फोन नंबर होता, पण एका फोटोवर छापलेला. दाबून फोन लागत नव्हता, कॉपी होत नव्हता. पाटी-पेन घेऊन लिहून घ्यायचा का?

हे मुद्दे आजच तपासा:

- फोन नंबर दाबला की थेट कॉल लागला पाहिजे. व्हॉट्सअॅपचं बटण दाबलं की चॅट उघडलं पाहिजे.
- साइट उघडल्याउघडल्या अख्खा स्क्रीन झाकणारा पॉप-अप नको. मोबाइलवर मजकूर झाकणाऱ्या अशा पॉप-अपमुळे पान मागे पडू शकतं, हे गूगलने २०१७ पासूनच लागू केलंय.
- अक्षरं एवढी मोठी हवीत की चष्मा न शोधता वाचता येतील. बटणं एवढी मोठी आणि सुटी की अंगठ्याने दाबता येतील.
- पत्त्याच्या सुरुवातीला एचटीटीपीएस हवं, म्हणजे सुरक्षित जोडणी. नसेल तर क्रोम 'सुरक्षित नाही' असा शेरा दाखवतो. गिऱ्हाईक पैसे कसे भरेल?
- कॉम्प्युटरवर दिसणारी माहिती मोबाइलवरही दिसली पाहिजे. गूगल आता वेबसाइटचं मोबाइलवरचं रूप बघूनच तिची नोंद करतं. 'मोबाइलवर गर्दी नको' म्हणून भाडं आणि पत्ता काढून टाकलात, तर गूगलच्या लेखी ती माहिती नाहीच.

शेवटचा मुद्दा पुन्हा वाचा. मजकूर फोटोत छापू नका, अक्षरांत लिहा. दरपत्रकाचा फोटो माणूस डोळे ताणून वाचेल. सर्चमध्ये मात्र त्याचा भरवसा धरता येत नाही.

ताईंनी काय केलं?

३५ हजार भरले नाहीत. भाच्याला घेऊन बसल्या. फोटो लहान केले, स्लायडर काढला, होस्टिंग बदललं. मग तीन साधी पानं लिहिली. एकात तीन खोल्यांची माहिती आणि भाडं, एकात चिपळूणहून कसं यायचं आणि शेवटची एसटी किती वाजता, एकात जेवणात काय काय मिळतं. फोन नंबर प्रत्येक पानावर, दाबला की लागणारा.

दोन महिन्यांनी त्यांचा फोन आला. मी विचारलं, "ताई, पहिल्या नंबरला आलात का?" म्हणाल्या, "नाही हो सर. 'गुहागर होम-स्टे' टाकलं की अजून मोठमोठ्या बुकिंग साइटच वर येतात. पण 'चिपळूणहून गुहागर शेवटची एसटी' शोधणारे लोक माझ्या पानावर येतात. आणि आले की फोन करतात. पूर्वी येऊन जात होते, मला कळतही नव्हतं."

वेग आणि सोय यांचं काम इतकंच आहे. वेगामुळे त्या राजा झाल्या नाहीत. पण दारात आलेलं गिऱ्हाईक परत जायचं थांबलं. आणि त्याला दारापर्यंत आणलं ते त्यांनी स्वतः लिहिलेल्या खऱ्याखुऱ्या माहितीने. या दोन्ही गोष्टी तुमच्या हातातल्या आहेत.

या आठवड्याचा गृहपाठ

१. वाय-फाय बंद करा. दुसऱ्याच्या, जरा जुन्या फोनवर आपली साइट उघडा आणि मोठ्याने आकडे मोजा. आकडा वहीत लिहा.
२. त्याच माणसाला सांगा, "माझा भाव आणि फोन नंबर शोध." तुम्ही काही बोलू नका, फक्त बघा तो कुठे अडतो.
३. पेजस्पीड इनसाइट्समध्ये मोबाइलचा निकाल बघा. गुणांकडे नको, खालच्या यादीतल्या पहिल्या दोन गोष्टींकडे लक्ष द्या.
४. पहिल्या पानावरचा प्रत्येक फोटो २०० केबीच्या आत आणा.
५. कामाचं नसलेलं एक तरी प्लगइन काढा. आधी बॅकअप!
६. गिऱ्हाईक फोनवर जो प्रश्न सगळ्यात जास्त वेळा विचारतं, त्याचं उत्तर देणारं एक पान लिहा.
७. महिन्याभराने पुन्हा आकडे मोजा आणि वहीतल्या आकड्याशी ताडून बघा.

हे सगळं करून झालं आणि तरी मदत लागली, तर जरूर एजन्सीकडे जा, चांगलं काम करणारे लोकही आहेत. पण तेव्हा तुम्ही "पहिला नंबर कधी येईल?" असं विचारणार नाही. तुम्ही विचाराल, "माझं पान अडीच सेकंदांत उघडेल का, आणि त्यासाठी तुम्ही नेमकं काय करणार?" हा प्रश्न विचारणाऱ्या माणसाला गंडवणं अवघड असतं.

चला तर मग, वही काढा आणि मोजायला लागा. पुढच्या व्हिडिओत भेटूया. तोपर्यंत धंदा करत राहा, शिकत राहा!